बारवेच्या तळाशी अडकलेल्या बाया

मंडळी, आज नव्वदी पार केलेल्या आत्याला जिंतूरजवळच्या आमच्या मूळ गावी, तिच्या माहेरी नेलं. सगळं गाव एका जुन्या बारवेभोवती वसलंय. मी पायऱ्या उतरायला लागलो, तर तिनं माझा हात घट्ट धरला.

"निजामाच्या शेवटच्या वर्षी बंदूकवाले गावात घुसले, तवा आमी बाया हितंच तळाला लपलो. पण पाणी त्यांलाबी लागतंच की! ते वरच येऊन बसले. बाहेर निघायला वाटच न्हाई."

"मग?"

"त्यांच्यातला एक जण घागर घेऊन खाली आला. त्यानं सरळ माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, संपलं. त्यानं पाणी भरलं अन् वर जाऊन म्हणला, 'नीचे कोई नै.' ते गेल्यावर आमी एकेक करून वर आलो."

तो कोण होता, तिला आजही माहीत नाही.

तुमच्या गावच्या बारवेपाशी काय घडलं होतं, घरातल्या म्हाताऱ्यांना कधी विचारलंय?