हमालाचं पान

नाना बाइंडर म्हणजे हाताला कायम खळीचा वास आणि दातांत कायम दोऱ्याचं टोक. रस्त्याकडची खोली दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. मध्ये एक पडदा. त्या पडद्याआडून आजी, म्हणजे नानांची बायको, दुकानातलं सगळं ऐकायची आणि कुणी विचारलं नाही तरी मत द्यायची. वकिलांच्या फायली, शाळांची हजेरीबुकं, कुणाच्या वडिलांचा जाडजूड शब्दकोश, सगळं नानांकडे खिळखिळं होऊन यायचं आणि ताठ पाठीने परत जायचं. "माणसं अशी शिवता आली असती तर यांनी मला केव्हाच नवी करून घेतली असती," असं आजी गिऱ्हाइकांना ऐकवायची.

मुलगा दूर देशी स्थायिक झालेला. सून तिकडचीच, काळ्याभोर रंगाची आणि मोकळ्या हसण्याची. त्यांची सात वर्षांची मुलगी फोनच्या पडद्यावर एका जागी कधी दिसायचीच नाही, म्हणून आजीने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. रंग आईचा, दाट कुरळे केस आईचे, आणि प्रश्न विचारायची खोड सरळ आजीकडून आलेली. ती आता पहिल्यांदाच सुट्टीत आजी-आजोबांकडे एकटी राहणार होती. नानांनी तिला एकदाच मांडीवर घेतलं होतं, तेही ती तान्ही असताना. आता ती आपल्याजवळ येईल का, या एकाच काळजीने म्हाताऱ्याची झोप उडाली होती.

"बाबा, आपलं ते कप्तानाचं पुस्तक आहे ना अजून?" मुलगा फोनवर म्हणाला. "तिला तेच वाचून दाखवा. तुमच्या त्या आवाजांसकट!"

असणार नाही तर काय! मुलगा लहान असताना नानांनी ते रद्दीतून उचललं होतं आणि जीव ओतून बांधलं होतं. कप्तान जहाज घेऊन निघतो, बेटांमागून बेटं पालथी घालतो आणि शेवटी घरी परततो, एवढीच गोष्ट. पण नाना वाचायला बसले की पोरगा हसून लोळायचा. विशेषतः हमाल आला की. हमालासाठी नाना एक चिरका, नाकातला आवाज काढायचे: "माऽलक, ओझं जऽऽड झालंय, थोडं बसू काऽ?" पुढे घरात कुणीही पिशवी उचलली की त्याच आवाजात हेच वाक्य ठरलेलं. लग्न करून सुनेला घरी आणलं तेव्हा बॅगा उचलताना मुलगा तसंच बोलला होता. सगळे हसले, म्हणून सूनही हसली. तिला बिचारीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

नानांनी माळ्यावरून पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि कितीतरी वर्षांनी उघडलं. हमालाचं पान आलं आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. डांबरासारखा काळा चेहरा, लालभडक फुगवलेले ओठ, बटाट्याएवढे पांढरे डोळे, डोक्यावर तीन पेट्या, आणि तरी दात काढून हसतोय. खाली कप्तान त्याला एका जनावराच्या नावाने हाक मारत होता. हे पान आपण शंभरदा वाचलंय आणि एकदाही पाहिलेलं नाही, हे नानांना तिथेच कळलं. भिंगरी मांडीवर बसून हे बघणार. त्यांचं धाबं दणाणलं.

मग त्यांनी असं काम केलं की त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कुणीही तोंडात बोट घातलं असतं. शिवलेल्या पुस्तकात पान एकटं नसतं. एक कागद मधोमध दुमडला की दोन पानं होतात, एक इकडे, दुसरं तिकडे, आणि दोरा त्या घडीतून जातो. एक पान काढायचं असेल तर घडीपाशी बोटभर पट्टी ठेवून कापायचं, नाहीतर दुसरं सुटतं. नानांना पट्टी ठेवायची नव्हती. पट्टी दिसली की पोर विचारणार. त्यांनी पान अगदी घडीला चिकटून कापलं, मागे खळीचा हात फिरवला आणि देवाचं नाव घेतलं. कापलेलं पान मात्र त्यांच्याने टाकवेना. ते त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं.

भिंगरी आली आणि पहिल्या सकाळीच दुकानाची मालकीण झाली. नानांनी तिला एक कोरा कागद दुमडून दाखवला. "हे बघ, ही जोडी. याला ओढलं की ते हलतं." तिने तो खेळ सकाळभर खेळला आणि पाच-सहा वह्या वाकड्यातिकड्या शिवल्या. नाना इतके खूश होते की एका गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायचे राहून गेले.

दुपारी ती पुस्तक घेऊन त्यांच्या मांडीत शिरली. वजन चांगलंच होतं, पायाला लगेच मुंग्या आल्या, पण नाना हलले नाहीत. जहाज निघालं, वादळ आलं, कप्तान बेटावर उतरला आणि लगेच बेटावरून निघालाही. भिंगरीला या घाईचा काही संशय आला नाही. शेवटी कप्तान घरी येतो, धक्क्यावर त्याची आई उभी असते, ते पान उलटताच सुटून भिंगरीच्या मांडीवर पडलं.

"जुनं पुस्तक आहे गं," नाना म्हणाले. "सुटतं एखादं."

भिंगरीने पान उचललं, त्याची कड बोटाने चाचपली. "आजोबा, याची जोडी कुठाय?"

सकाळी शिकवलं ते दुपारी अंगाशी आलं.

"ड्रॉवरमध्ये आहे," पडद्याआडून आजी म्हणाली. "द्या काढून. उगाच पोरीला फसवू नका."

भिंगरीने हमालाचं पान बराच वेळ पाहिलं. "माझी आई अशी नाही दिसत."

"नाही, बेटा."

"मग यांनी कुणाला बघून काढलं?"

"कुणालाच नाही. न बघताच काढलं."

तिने खालचं हमालाचं वाक्य अडखळत, बोट ठेवून वाचलं आणि चटकन वर पाहिलं. "हे बाबा म्हणतात! पिशव्या आणताना. तो आवाज याचा आहे?"

"तो आवाज माझा आहे," नाना म्हणाले. "मी काढला, तुझ्या बाबाला हसवायला. मीही हसायचो, पोट धरून."

भिंगरी मांडीवरून उतरली आणि टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली. नानांना वाटलं, संपलं. ज्याची काळजी होती तेच झालं, आणि कुणाला दोष द्यायलाही जागा नव्हती.

"वाचा," ती तिथूनच म्हणाली.

"नको गं."

"वाचा ना. पण तो आवाज नका काढू. तुमचाच काढा."

नानांनी चष्मा पुसला. स्वतःच्या आवाजात, गिऱ्हाइकाशी बोलतात तसं, त्यांनी वाचलं. "मालक, ओझं जड झालंय. थोडं बसू का?"

दुकानात कुणी हसलं नाही. नानांनी स्वतः वीस वर्षं कागदांची ओझी पाठीवरून आणली होती. हेच वाक्य त्यांनी किती वेळा मनातल्या मनात म्हटलं होतं, आणि हमालाच्या तोंडचं त्यांना कधी ऐकूच आलं नव्हतं.

"बसू दिलं त्याला?" भिंगरीने विचारलं.

"नाही."

ती परत आली. टेबलावरची पेन्सिल घेऊन तिने हमालाशेजारी एक स्टूल काढलं, एक पाय तोकडा असलेलं, हुबेहूब दुकानातल्या स्टुलासारखं. मग पान नानांच्या हातात दिलं. "आता शिवा."

"राहू दे की बाहेर. नको असलं तर नको."

"मग त्याच्या आईचं पान पडेल ना," भिंगरी म्हणाली. एवढंही कळत नाही का, असा तिचा चेहरा होता.

नानांनी पातळ कागदाची पट्टी लावून दोन्ही पानं जोडली आणि दोरा घातला. गाठ भिंगरीने मारली. मग ती पुन्हा मांडीत येऊन बसली, आणि नानांनी पायाला मुंग्या येऊ दिल्या.

सुट्टी संपली. न्यायला मुलगा आणि सून दोघंही आले. दारातच मुलाने दोन बॅगा उचलल्या आणि आनंदाच्या भरात नाकातून सुरू केलं, "माऽलक, ओझं जऽऽड..."

"बाबा, तो असा नाही बोलत," भिंगरी म्हणाली.

"मग कसा बोलतो?"

तिने सांगितलं. साध्या, दमलेल्या आवाजात, जसं आजोबांनी वाचलं होतं तसं. सून सवयीने हसणारच होती, ती लेकीकडे बघत राहिली. मुलाने बॅगा खाली ठेवल्या.

नानांनी तोकड्या पायाचं स्टूल पुढे ओढलं, त्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारला आणि सुनेकडे वळले.

"ये, बस," ते म्हणाले. "तुला एक पान दाखवायचंय. फार आधी दाखवायला हवं होतं."