नवरीच्या मागची मोकळी जागा

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. खरं तर माणसांवरही पटकन बसत नाही. भाजीवाल्याने आपणहून मोठी जुडी दिली तर मी ती आतून सडकी आहे का ते बघते. नवरा म्हणतो, "तू पोलिसात जायला हवी होतीस." तेव्हा पुढचं वाचताना "बाईने मीठमसाला लावलाय" असं वाटलं, तर वाटू द्या. सगळ्या शंका तुमच्या आधी माझ्या घेऊन झाल्या आहेत.

मी नगरजवळ केडगावला राहते. पुण्याच्या एका स्टुडिओत काही वर्षं रोटोचं काम केलं, आता तेच घरून करते. रोटो म्हणजे व्हिडिओतला माणूस कडेकडेने कापून मागच्या दृश्यापासून वेगळा काढायचा. पूर्वी एकेका फ्रेमवर हाताने ठिपके मारत बसायचो, मान मोडून जायची. आता सॉफ्टवेअरमध्ये मशीन लर्निंगचं टूल आलंय. ते स्वतःच माणसं ओळखतं आणि त्यांचा पांढरा आकार, म्हणजे मास्क, काढून देतं. आयतं मिळालेलं मला पचत नाही, म्हणून मी प्रत्येक मास्क तपासते. हे टूल कधीकधी खुंटीवरच्या शर्टालाही माणूस समजतं.

गेल्या उन्हाळ्यात दत्तूने एक काम आणलं. दत्तू लग्नं शूट करतो, मी त्याचं किचकट काम करून देते. लग्न सोनईजवळच्या एका लॉनवरचं. नवरी प्रियांका... आणि स्टेजच्या मागच्या लाल पडद्यावर थर्माकोलची भलीमोठी अक्षरं - 'सागर - ऋतुजा'! आदल्या दिवशीच्या लग्नाची नावं डेकोरेशनवाला काढायलाच विसरला होता. घाईत कोणाचं लक्षच गेलं नाही. आता मला सगळी माणसं कापून वेगळी काढायची होती आणि मागे नवा निळा पडदा बसवायचा होता.

मंगलाष्टकांचा भाग घेतला. टूल चालवलं, लाल पडदा काढला, निळा टाकला... आणि नवरीच्या पाठीमागे लाल पडद्याचा एक माणूस उरला.

म्हणजे तिथे माणूस नव्हताच. नवरीच्या मागची जागा मोकळी होती. पण टूलने त्या मोकळ्या जागेत माणसाचा आकार पकडला होता, आणि त्या आकारात जुना लाल पडदा तसाच राहिला होता. छातीवर थर्माकोलचं 'ऋतु' एवढं दिसत होतं. डोक्यावर टोपी, उजवं कोपर अंगापासून लांब, कपाच्या कानासारखं वाकलेलं.

पडद्याची चुणी असेल, मी म्हटलं. पण चुणी हलत नाही. प्रत्येक 'सावधान'ला हा आकार अक्षता टाकावी तसा डावा हात उचलत होता. वाकडा उजवा हात मात्र तसाच. मग मी दत्तूच्या क्रेनवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज घेतलं. त्यातही तो होताच... वरून दिसायला हवा तसा, त्याच जागी. तिथे त्याच्यात पडद्याऐवजी खालची हिरवी मॅट भरली होती.

तेव्हाही माझ्या मनात भूत आलं नाही. मनात आला दत्तू. आमच्या धंद्यात माणसं पुसणं हे रोजचंच काम. कोणाला तरी नकोसा माणूस माझ्या आधीच पुसून घेतला असेल, डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा मागे राहिल्या असतील आणि टूलने त्या पकडल्या असतील, असा माझा हिशोब. फोन करून त्याला फैलावर घेतलं.

"कोणाला काढलंस रे यातून?"

"ताई, आईशप्पथ, मी कशाला काढू कुनाला? आन् मला येतंय व्हय ते? येत असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

यात तथ्य होतं. तरी मी त्याला कॅमेऱ्याचं मूळ कार्ड घेऊन यायला लावलं. तो तोंड फुगवून आला. कार्डातून थेट फुटेज घेतलं, त्याच्यासमोरच टूल चालवलं... लाल माणूस पुन्हा उभा. दत्तूने चहा अर्धा टाकला आणि "मला एक शूट हाय" म्हणून निघून गेला. त्या दिवशी त्याचं कुठलंही शूट नव्हतं, हे मी नंतर शोधून काढलं.

दोन दिवसांनी नवरीची आई, सुमनकाकू, नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे आल्या होत्या, त्या काम बघायला घरी आल्या. मी घाईने दुसरा शॉट लावायला गेले, पण स्क्रीनवर तोच उघडा होता. काकूंनी चष्मा लावला. मग बोट नेऊन त्या वाकड्या कोपरावर टेकवलं.

"बाळू हाय ह्यो," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ. ल्हानपनी चिच्चंवरनं पडला, तवापासून कोपर सरळ हुत न्हाई."

"मग ते लग्नात होते?"

"कुठला आलाय! बोलवलंच न्हाई त्याला."

मग सगळं बाहेर आलं. लग्नाच्या बैठकीत या मामाने पाहुण्यांसमोरच विचारलं होतं, की मुलगा नोकरी करतो म्हणता तर नेमकी कुठे? काकूंच्या नवऱ्याला तो अपमान वाटला. "माझ्या दारात पाऊल टाकू नको," म्हणाले. तेव्हापासून बहीणभावांचं बोलणं बंद. लग्नात नवरीच्या मागे मामा उभा राहतो. काकूंचा चुलतभाऊ तिथे उभा राहायला निघाला होता, त्याला काकूंनीच अडवलं.

"म्हनलं, ती जागा बाळूची हाय. मोकळी ऱ्हाऊ दे. लई बोलनी खाल्ली मी त्यापायी." काकू रडायला लागल्या. "त्याला फोन करायचं बी धाडस हुईना बघ. कोनत्या तोंडानं करू?"

मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, संशयही आला... या बहीणभावांनी मिळून तर काही केलं नसेल? भाऊ एमआयडीसीजवळ राहतो असं कळल्यावर मी म्हटलं, "चला, आत्ताच जाऊ. फक्त मी विचारेपर्यंत तुम्ही या व्हिडिओबद्दल चकार शब्द काढायचा नाही." रिक्षा केली.

दार भावाच्या बायकोने, मामींनी उघडलं. "वन्सं!" एवढंच म्हणून त्या काकूंच्या पाया पडल्या. मागे बाळूमामा उभे होते. टोपी, आणि उजवं कोपर... तसंच. काकू दारातच थांबल्या. मी पाणीही न पिता विचारलं, "लग्नाच्या दिवशी, मुहूर्ताला, तुम्ही कुठे होतात?"

"हितंच," मामा म्हणाले आणि खाली बघायला लागले.

मामींना राहवलं नाही. "हितंच हुते, पन कसं ते इचारा की! प्रियांकासाठी पिवळी साडी आधीच घेऊन ठिवल्याली. ती खुर्चीत ठिवली आन् मुहूर्ताच्या टायमाला खुर्चीमागं जाऊन उभे ऱ्हायले. हातात अक्षदा. म्या म्हनलं, येडं लागलं का? तर म्हनतात, पोरीच्या पाठीशी मामा पायजे."

"हात कसा उचलत होते?" मी विचारलं. मामींनी डावा हात वर केला. "ह्यो असा. उजवा कुठं उचलतोय त्यांना?"

सरळ सांगते, मला भीती वाटली. व्हिडिओबद्दल त्या घरात कोणालाही काही माहीत नव्हतं.

मामींनी कपाटातून साडी आणून काकूंच्या हातात दिली. घडी जराशी उलगडली आणि पिवळ्या अक्षतांचे चार दाणे फरशीवर पडले. "आक्का, मी तसं इचारायला नको हुतं," मामा म्हणाले. काकू खाली बसून दाणे वेचत होत्या. "तू इचारलंस ते बरूबरच हुतं," त्या म्हणाल्या. मी रिक्षात जाऊन बसले.

परत जाताना काकूंनी मला एकच सांगितलं. पडदा सगळीकडे बदल, पण तेवढा लाल माणूस राहू दे. इतक्या वर्षांत मी असं खराब काम कधी दिलं नव्हतं. ते दिलं.

आठवड्याने काकूंच्या नवऱ्याचा फोन आला. आवाज चढलेला. "मॅडम, समदं बदललं, पन नवरीमागं ते लाल काय ऱ्हायलंय? अक्षरं बी दिसत्यात!"

मी काही बोलायच्या आत मागून काकूंचा आवाज आला. "ऱ्हायलं न्हाई ते. माझा भाऊ उभा हाय तिथं."

फोनवर व्हिडिओतली मंगलाष्टकं ऐकू येत होती. एक 'सावधान' झालं. मग दुसरं.

"...हात वाकडाच हाय की," ते हळूच म्हणाले. आणि मग, "ऱ्हाऊ द्या मॅडम. ऱ्हाऊ द्या तसंच."

त्यानंतर मी तेच टूल शंभर ठिकाणी वापरलंय. मोकळ्या जागी असा माणूस पुन्हा कधी सापडला नाही. जुन्या स्टुडिओतल्या लोकांना विचारलं, ते म्हणाले टूलची चूक. असेल. पण चुकीला बाळूमामांचं कोपर कसं ठाऊक, हे कोणी सांगत नाही. दत्तूवर संशय घेऊन झाला, काकूंवर झाला, मामींवर झाला, स्वतःच्या डोळ्यांवरही झाला. आता माझ्याकडे संशय घ्यायला कोणी उरलेलं नाही.