साहेबांच्या मनातलं

सेलूच्या बैलबाजारात एक दलाल होता. बैलाच्या डोळ्यांत बघून तो त्याच्या मनातलं सांगायचा. "ह्यो मारका न्हाई, नुस्ता भ्यालाय," असं त्यानं म्हटलं की गिऱ्हाईक कासरा हातात घ्यायचं. पुढं बैलानं शिंगावर घेतलं, तर ते गिऱ्हाइकाचं नशीब.

असला जाणकार निजामाच्या पोलिसांच्या नजरेतून सुटतो थोडाच! पोलीस अमीनसाहेबांनी जिंतूरच्या रस्त्यावर एका मोटारीवर गोळी झाडली आणि ड्रायव्हर जागीच मेला. मोटार आपल्या अंगावर आली, असं साहेबांचं म्हणणं. साक्षीला अर्थातच दलाल.

गोळी झाडताना साहेबांच्या मनात काय होतं, असं अदालतीत हाकिमांनी विचारलं. दलालानं पान गालात सरकवलं आणि छातीवर हात ठेवला.

"नुस्ती भीती, हुजूर. लय भ्याले व्हते. म्या डोळ्यांत बघितलं ना!"

ज्यांच्या घोड्याची टाप ऐकून अख्खा बाजार उठून उभा राहायचा, त्यांचं काळीज इतकं हळवं असल्याचं आम्हाला त्या दिवशी कळलं. हाकिमांनाही गहिवरून आलं असावं. साहेब सुटले.

अदालतीबाहेर ड्रायव्हरचा बाप थांबला होता, मेंढरं राखणारा म्हातारा. त्यानं हात जोडले. "दादा, तुमाला मनातलं कळतं म्हणं. माझ्या लेकाच्या मनात काय व्हतं?"

दलालानं अगदी मनापासून आठवून पाहिलं.

"त्याचं कसं सांगू, बाबा? मोटार फुडं निघून गेली व्हती. त्यो पाठमोरा व्हता. तोंड बघितल्याबिगर उगं खोटं कसं बोलू?"