साठच्या वर नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, मित्रांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही पल्लवीला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच.

पल्लवी माझी बायको. आम्ही उचगावात राहतो. मी एका कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइनचं काम करतो, त्यामुळं घरातल्या प्रत्येक बिघडलेल्या वस्तूचा वैद्य मीच. आणि पल्लवी गेम खेळायची. वेळ घालवायचे नव्हेत — बंदुकांचे. पाच जणांची टीम, समोर दुसरे पाच, कानाला हेडफोन. लग्नाआधीपासून खेळायची, आणि चांगली खेळायची. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

टीमचा म्होरक्या रोहन, गारगोटीचा. त्याला मी कधी बघितलं नव्हतं. त्याचा आवाजसुद्धा हेडफोनच्या आतच राहायचा. मला ऐकू यायचं ते फक्त पल्लवीचं. "मागनं ये, कोण बघत न्हाय." "त्याला सोड, माझ्याकडं ये." "मी हाय की, घाबरतोस कशाला?"

हसलात ना? गेममधलंच बोलणं ते. मलाही कळत होतं. पण कळलं म्हणून मन ऐकतं का?

मी पाणी प्यायच्या निमित्तानं तिच्या पाठीमागून जायचो. पडद्यावर भिंती, धूर, पळणारी माणसं. तिथं काय सापडणार? आणि काही सापडत नाही, म्हणूनच संशय वाढत गेला. ती हसली की वाटायचं — कशावर? गप्प झाली की वाटायचं — मी आलो म्हणून? एकदा ती आंघोळीला गेल्यावर तिचा फोनही उघडून बघितला. तिनं मला पासवर्ड स्वतःहून सांगितलेला होता. तेही मला संशयास्पदच वाटलं.

मग पुण्यातली स्पर्धा ठरली. टीममधून कोण जाणार ते सरावाच्या सामन्यांत ठरणार होतं. पल्लवी म्हणाली, "अवो, माझ्या लॅपटॉपचा पडदा लई जुना झालाय. बाकीच्यांचे एकशे चव्वेचाळीसचे हायत. तेवढा बदलून द्या की."

सोपं करून सांगतो. साधा पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, हा नवा एकशे चव्वेचाळीस. समोरचा शत्रू कोपऱ्यातून निघाला, की नव्या पडद्यावर तो जरा आधी दिसतो, हलताना फाटका-तुटका वाटत नाही. या खेळात हार-जीत त्या 'जरा'वरच असते.

मी राजारामपुरीतून पडदा आणला. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, चौकट उचकटली, जुना पडदा काढला, सोबत आलेली नवी केबल लावली, नवा बसवला. नीट बसवला. बसवण्यात माझी काही चूक नव्हती.

पल्लवीनं माउस फिरवला. बाण तेल लावल्यागत सरकला. ती खुर्चीवरून उठून टाळ्या पिटायला लागली — आणि लगेच फोन उचलून रोहनला सांगितलं. मी समोर उभा होतो, हातात स्क्रू-ड्रायव्हर. झकास झालंय, हे मला नंतर सांगितलं.

ती आईला घेऊन देवीच्या दर्शनाला गेली. मी लॅपटॉपपाशी बसलो. आणि आतल्या एका सेटिंगमध्ये, जिथं सहसा कुणी बघत नाही, तिथं त्या गेमपुरतं कुलूप घातलं — सेकंदाला साठच्या वर चित्रं द्यायची नाहीत. माउस तेलागत चालणार, गेम मात्र पूर्वीसारखाच.

हेच ते. एवढंच केलं. एवढंच?

दुसऱ्याच दिवशी तिनं विचारलं, "सेटिंगात तर एकशे चव्वेचाळीस दिसतंय. मग खेळताना का वाटत न्हाय? गेममधला चित्रांचा आकडा साठावरच अडकतोय."

"पडदा तयार आहे, लॅपटॉपला झेपत नाही," मी म्हणालो. तिनं मान हलवली. पण ती विचारत राहिली, आणि एकदा मी वैतागून म्हणालो, "लॅपटॉपचं जाऊ दे, फरक तुझ्या डोळ्यांनाच कळत नसेल."

आणि तिला ते खरं वाटलं. शाहूपुरीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं मीच तिला घेऊन गेलो. अंधाऱ्या खोलीत ती अक्षरं वाचत होती आणि मी शेजारी बसून ऐकत होतो. डोळे ठणठणीत निघाले. परत येताना गाडीवर मागून म्हणाली, "नंबर निघाला असता तर बरं झालं असतं."

तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

सरावात ती पुन्हा पुन्हा हरली. पुण्याला तिच्या जागी दुसरी कुणी गेली. त्यानंतर रोहनचा मला फोन आला. पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकला. "दाजी, ताईचा हात लई चांगला हाय. असं अचानक व्हत न्हाय. लॅपटॉपातच काय तरी हाय बघा. बघता का एकदा?"

दाजी म्हणाला मला. मी म्हणालो, "बघितलंय सगळं."

पल्लवीनं खेळणं सोडलं. लॅपटॉप कुरुंदवाडच्या चुलतभावाला, विशालला, देऊन टाकला. त्यानं आतलं सगळं पुसून नव्यानं भरलं, त्यात माझं कुलूपही पुसलं गेलं. आठवडाभरात त्याचा फोन आला, आम्ही जेवत होतो, तिनं स्पीकर लावला. "अक्का, कसला पडदा हाय गं! तुझाच गेम टाकला, पाण्यागत चालतोय. तू कशाला सोडलास?"

तिनं फोन ठेवला. घास तसाच हातात. माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही काय केलं हुतं का त्याला?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं पुन्हा विचारलं नाही. पण त्यानंतर मी घरात काहीही दुरुस्त केलं — मिक्सर असो, गिझर असो — की माझी पाठ फिरल्यावर ती चालू करून बघते. मला आवाज येतो. मी थांबत नाही, वळूनही बघत नाही.