नवतपात हीटर

भर नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांत, साकोलीच्या हायवेवरच्या गॅरेजसमोर, गाडीच्या चारही काचा बंद करून आणि हीटर फुल करून मी बसले होते. डोक्याला बांधलेला दुपट्टा घामानं चिंब झाला होता. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं दात काढत होती. त्यातला एक म्हणालाच, "मॅडमले बाहेर काढा रे कोणी, ऊन लागलं वाटते." मी काच खाली करून त्याला असं काही सुनावलं, की त्यानं अर्धा चहा टाकून सायकल काढली.

माझं डोकं ठिकाणावर होतं. मी शिक्षिका, केंद्र सरकारची नोकरी, आणि बदली झाली होती थेट लेहला. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. शाळा वस्तीपासून लांब, तिथं स्वतःची गाडी पाहिजेच, असं तिकडं राहून आलेले सगळे सांगत होते. नागपूरची एक सहकारीही तिकडंच चालली होती. तिची गाडी पुढं, माझी मागं, असं आमचं ठरलं होतं.

आणि माझ्या बाजूच्या सीटवर आई बसणार होती. वडील गेल्यापासून ती सानगडीला धाकट्या भावाच्या घरी राहते. राहते म्हणजे काय, राबते! पहाटे उठून सगळ्यांचे डबे, दुपारी तांदूळ निवडणं, संध्याकाळी नातवंडं. तिचे गुडघे दुखतात हे त्या घरात फक्त तिच्या गुडघ्यांनाच माहीत. मी लग्न केलं नाही; का केलं नाही ते मला विचारायचं नाही. मला सरकारी क्वार्टर मिळणार होतं, पगार होता, आई माझ्याकडं येणार आणि पाय लांब करून बसणार. माझ्यापुरता विषय संपला होता.

म्हणून तो हीटर. आईचे गुडघे साध्या पौषातल्या थंडीनं आखडतात, तर तिकडं काय होईल? गाडी वडिलांच्या वेळची, जुनी डिझेलची. सुट्टीत मी सानगडीला मुक्काम ठोकला आणि गाडी साकोलीच्या या गॅरेजातल्या मिस्त्रीकडं टाकली. आमच्या घरची प्रत्येक गाडी त्याच्याच हातून गेलेली.

पहिलं भांडण कूलंटवरून झालं. "कूलंट कायले पाहिजे? आपल्या बोरचं पाणी लय थंडं आहे," मिस्त्री म्हणाला.

"तिकडं पाणी गोठतं. गोठलं की इंजिन फुटतं," मी म्हटलं.

"नाही फुटत जी. हिवाळ्यात खोबऱ्याचं तेल गोठते, बाटली फुटते का?"

माझा पारा आणखी चढला.

दुसरं भांडण त्या दिवशी, हीटरवरून. मी काचा बंद करून बसलेली, आणि हा दार उघडून हात आत घालतो, हवेच्या जाळीसमोर धरतो आणि म्हणतो, "चालू आहे ना जी! गरम हवा येऊन राहिली."

"अहो, नवतपा आहे! घरातला पंखा लावला तरी गरमच हवा येते!"

"मग झालं तं."

मी खाली उतरले आणि बॉनेट उघडायला लावलं. हीटरकडं जाणारा पाइप हीटरकडं जातच नव्हता. इंजिनातून निघून, एक आखूड वळसा घेऊन, परत इंजिनात घुसत होता. कधीतरी हीटर गळत होता म्हणून यानं तो बाजूलाच काढून टाकला होता. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारा छोटा वॉल असतो, तोही गायब. "इकडं सगळ्याच गाड्यायचा काढून टाकतो," तो म्हणाला. "इंजिन थंडं राहते. आजपर्यंत कोणी तक्रार नाही केली." कोण करणार तक्रार? भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात माझं इंजिन तापत नाही म्हणून कोण रडत येणार आहे?

मग मी त्याच्या डोक्यावर बसून सगळं करून घेतलं. हीटर आणि वॉल नागपूरहून मागवले, नवे पाइप टाकले, बोरचं पाणी काढून कूलंट भरलं. हवा जरा निवलेली असताना, सूर्य वर यायच्या आत गाडी सुरू करून पाहिली. जाळीतून चुलीसमोर बसल्यासारखी झळ आली. मला इतका आनंद झाला की मी मिस्त्रीला जिलेबी खाऊ घातली. बॅटरी आणि ब्रेकचं काम बाकी होतं, म्हणून गाडी त्याच्याकडंच ठेवली.

पुढच्या आठवड्यात गाडी आणायला गेले. हीटर लावला, इंजिन तापेपर्यंत थांबले. काही नाही. बॉनेट उघडलं, तर तोच आखूड वळसा!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हा पाइप कोणी काढला? माझ्यासमोर लावला होता ना तुम्ही? मला काय भैताड समजता?"

तो हात पुसत म्हणाला, "घरून निरोप आला होता जी. म्हणे, ही गाडी तिकडं जात नाही असं सांगून द्या. आता खोटं कसं बोलू? म्हणून पाइपच काढला."

घरून म्हटल्यावर मला पुढचं ऐकायचंच नव्हतं. भाऊ किती दिवस तेच घोकत होता, "ताई, आईले कायले नेतेस तिकडं? थंडीनं मरून जाईन ते." काळजी म्हणे! मी मिळेल त्या गाडीनं सानगडीला आले. भाऊ अंगणात फवारणीचा पंप खोलून बसला होता. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"फुकटची मोलकरीण चालली म्हणून पोटात दुखतंय ना तुझ्या? तिला गाडीत गारठवून मारायला निघालास? लाज वाटत नाही तुला?"

"मीनं काय केलं ताई?"

"वरून मलाच विचारतोस!"

वहिनी दारात आली आणि तशीच आत गेली. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, शेजारच्यांना अजून पाठ असेल. आई ओसरीत सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याले काहून बोलतेस वो? मीनं सांगतलं मिस्त्रीले."

"तू? कायले?"

"मले नाही जायचं."

"मग मला सांगायचं! तोंड नव्हतं का तुझ्याजवळ?"

"तू विचारलं कुठी?" तिनं सूप खाली ठेवलं. "स्वेटर घेऊन आली, मोजे घेऊन आली, आन् म्हटलं, आई, आता निघायचं. तुले नाही म्हटलं का तू घर डोक्यावर घेतेस. म्हटलं, गाडीच नाही म्हणन तं बरं होईन."

"आणि इथं राबून राबून मेलीस तर?"

"तिकडं बसून बसून मरन. तू शाळेत जाशील. मी कोणाशी बोलू वो? खिडकीतून बर्फ पाहू दिवसभर?"

तुम्हाला वाटेल, माझे डोळे भरून आले असतील. अजिबात नाही. मला भयंकर राग आला. भावाचा आला, कारण त्याची माफी मागावी लागणार होती. मिस्त्रीचा आला. सगळ्यात जास्त आईचा आला. जिच्यासाठी मी उन्हात उकडून घेतलं, लोकांचं हसणं सोसलं, ती माझ्या पाठीमागं निरोप धाडते! मी जेवले नाही. तिनं ताट आणून ठेवलं, तसंच परत नेलं.

सकाळी उठले तर आई घरात नाही आणि भावाची मोटरसायकलही नाही. तोंड चुकवतात माझ्यापासून, असं मनाशी म्हणत मी साकोलीची बस धरली. मिस्त्रीला चांगला सरळ करायचा, एवढंच डोक्यात होतं.

गॅरेजच्या सावलीत एका जुन्या टायरवर आई बसली होती. भाऊ बाजूला उभा. मिस्त्री बॉनेटमध्ये वाकलेला, आणि आई त्याला सांगत होती, "घट्ट कस रे बापू. पोरगी एकटी राहणार आहे तिकडं. तिच्या बोटायले लहानपणापासून थंडी बाधते."

मी गाडीजवळ जाऊन उभी राहिले. मिस्त्रीनं गाडी सुरू केली. आई गुडघ्यावर हात देऊन उठली, दारातून आत वाकली आणि जाळीला तळहात लावून उभी राहिली.

"येते का वो?" मी विचारलं.

"थांब. अजून नाही आली."

"हवेचं नाही म्हणत, आई. माझ्यासंगं येतेस का, विचारून राहिली."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "नाही," ती म्हणाली, आणि हात जाळीवरच ठेवला.