तिसरा लेट मार्क आणि नऊ-दहाची मेट्रो

आईची शपथ गा, यातलं एक अक्षर खोटं नाही. म्हणजे, एका किश्श्यात मी डब्यात नव्हतो, गजू होता. अन् गजू बोलते त्यातलं निम्मंच खरं असते. पण कोणतं निम्मं, ते त्यालेही माहीत नसते. म्हणून मी पूर्णच सांगून राहिलो.

मेट्रोत किस्से काहून जमा होतात सांगू? खिडकीबाहेर पाहणं दोन दिवसांत संपते. तिसऱ्या दिवशीपासून माणूस समोरच्या माणसाले पाहते. मी रोज नऊ वाजून दहाची पकडतो, सीताबर्डीवरून खापरीच्या अंगाले. डोक्यात आता जागा नाही उरली!

पण हे सारे एकाच महिन्यातले. नोकरी नवी होती, प्रोबेशनवर. एक तारखेले परमनंटची ऑर्डर निघणार होती. अन् आमच्या ऑफिसचा नियम असा, का महिन्यात तीन लेट मार्क झाले तर प्रोबेशन सहा महिने पुढं! माझे दहा तारखेच्या आतच दोन झाले. तेव्हापासून सीट खाली असली तरी मी बसत नव्हतो. दाराले चिकटून उभा, एक डोळा घड्याळीवर. जसं काही मी उभा राहिलो का गाडी जास्त पळते.

गजू माझ्याच ऑफिसात, पण परमनंट. तो आरामात बसून म्हणे, "बस नं बे! तुले पाहून मले लघवीले लागते!"

* * *

एक दिवस एक मावशी चढली, भिवापूरकडची. पोरीच्या घरी वाळली मिरची घेऊन चालली होती. थैलीले बारीकसं भोक. डबा बंद, एसी फुल.

आधी एक पोरगा शिंकला. मग त्याच्या बाजूचा. मग पूर्ण डबा! एक जण टाय लावून इंटरव्ह्यूले चालला होता, तो शिंकला अन् त्याची मार्कशीट तीन सीट दूर गेली. गजूचा इअरफोन कानातून निघून दुसऱ्याच्या मांडीवर.

एकटी मावशी शांत. तिनं सगळ्यांकडे पाहिलं, मान हलवली.

"एवढ्या थंड्यात कायले बसता बापा रोज? पहा, साऱ्याइले सर्दी झाली!"

* * *

हा गजूचा. मी त्या दिवशी आधीची गाडी पकडली होती, भीतीनं.

एक भाऊ सीटवर पाय पसरून बसला अन् फोनवर बोलून राहिला, "अरे मी कळमन्याच्या मंडीतच आहो! गाडी खाली करून राहिलो!"

तेवढ्यात वरून आवाज आला, पुढचं स्टेशन अमुक, दरवाजे डावीकडे उघडतील.

भाऊचा चेहरा उतरला. "हे? हे... मंडीत माइक लागला नवीन."

मग कोपऱ्यातून एक जण वरडला, "संत्रा! संत्रा! बोला!"

"चारशे!"

"चारशे दहा!" ही कॉलेजची पोरगी.

मागून एक आजोबा, "अरे बाजू व्हा, हमालाइले जाऊ द्या!"

भाऊनं फोन ठेवला, साऱ्या डब्याले हात जोडले. मग हळूच विचारलं, "चारशे दहा कोण म्हणलं? माल आहे माह्यापाशी."

* * *

एक माणूस इतवारीतून घेतलेला ड्रेसिंग टेबलचा आरसा घेऊन चढला. नुसता आरसा, उभा, छातीएवढा. दोन मिनिटांत डब्यात सोळा कंगवे निघाले!

"भाऊ, थोडा इकडं फिरवा नं."

"भाऊ, वर घ्या, मले गळ्यापर्यंतच दिसून राहिलं."

भाऊ बिचारा फिरवून राहिला. त्याचं स्टेशन आलं, तो उतराले निघाला. तर एक मॅडम हातात लिपस्टिक घेऊन म्हणते, "अहो, खालचा ओठ राहिला आहे!"

अन् तो थांबला गा! दोन स्टेशन पुढं गेला.

मी हसलो नाही. मी घड्याळ पाहून राहिलो होतो.

* * *

मग मले वाटलं, नेहमी लोकच काहून करतील? आपणही काही करू. एकदम गंभीर तोंड करून मी बाजूच्या काकाजीले विचारलं, "काकाजी, हा डायवर मधात थांबवते का? मले त्या पिंपळाच्या झाडापाशी उतराचं आहे."

गजूनं तोंड दाबलं.

काकाजीनं खिडकीतून खाली पाहिलं, झाड पाहिलं, माझ्या चपला पाहिल्या. म्हणाले, "थांबवते. पण पटकन उतरजो, मागून दुसरी असते."

मी त्याले येडा बनवून राहिलो होतो का तो मले, हे अजूनही नक्की नाही.

* * *

आता शेवटचा. महिन्याचा शेवटचा दिवस. एवढा एकच दिवस काढाचा होता! गजू सुट्टीवर. अन् डब्यात आमच्या ढोबळे मॅडम. हजेरीचं मस्टर यांच्याच टेबलवर असते. रोज स्कूटीनं येतात, त्या दिवशी स्कूटी पंक्चर. म्हटलं, वा! मॅडमसोबतच पोहोचलो तर लेट मार्क लागणार कसा?

अजनी स्टेशनले दार उघडलं. एक सीट खाली झाली. मॅडम बसणार, तेवढ्यात बाहेरून, लोकांच्या डोक्यावरून, एक चौकड्याचा रुमाल उडत आला अन् बरोबर सीटवर पडला. यष्टीत टाकतात तसा.

टाकणारे एक टोपीवाले काकाजी, प्लॅटफॉर्मवर. आता जागा तर धरली, मग घाई कायची? त्यांनी सगळ्यांना पुढं जाऊ दिलं. "जा, जा, आपली जागा आहे!" मग वाकून चपलेचा पट्टा नीट केला. दार बंद झालं. काकाजी बाहेर, रुमाल आत.

काचेतून त्यांनी मले बोट दाखवलं. मग रुमालाले. मग पुन्हा मले.

मी मान हलवली. इथंच चुकलो.

"कोणी आहे का इथे?" मॅडमनं विचारलं.

"येऊन राहिले," मी म्हटलं. मजाक म्हणून. वाटलं, हसतील अन् बसतील.

मॅडम बसल्याच नाही! दांडी पकडून उभ्या राहिल्या. पुढं गर्दी वाढली, लोक विचारत, "ही जागा?" तर मॅडमच सांगत, "येऊन राहिलेत." अन् कोणी म्हणून बसलं नाही गा! एवढ्या गर्दीत रुमाल एकटा, आरामात.

आमचं स्टेशन आलं. नऊ बत्तीस. ऑफिस पावणेदहाचं. मी दाराकडे निघालो.

"कुठे?"

"ऑफिसले, मॅडम."

"आणि जागा? तू त्यांना मान हलवलीस. मी पाहिलंय."

"मॅडम, माझा तिसरा लेट मार्क आहे!"

"मग?"

दार बंद झालं. मी आत, मॅडमही आत.

खापरीले सगळे उतरले. गार्ड आला, "चला, लास्ट स्टेशन." मॅडम ऑफिसच्या आवाजात म्हणाल्या, "जागा धरलेली आहे. दिसत नाही का?"

गार्डनं रुमालाकडे पाहिलं. "सॉरी मॅडम." अन् गेला!

गाडी उलटी निघाली. अजनी आलं. समोरच्या प्लॅटफॉर्मवर काकाजी उभे. शांतपणे चढले, रुमाल उचलला, तोंड पुसलं, बसले.

"कुठं जाचं होतं काकाजी?" मी विचारलं.

"खापरीले."

"अहो, ही तर उलटी चालली!"

"चालू दे नं. माही जागा तं याच गाडीत आहे."

मॅडमनं मान हलवली. जसं एकदम बरोबर बोलले.

आम्ही दोघं पुढच्या स्टेशनवर उतरलो, गाडी बदलली, साडेदहाले ऑफिसात. मॅडम खुर्चीत बसल्या, चष्मा लावला, मस्टर उघडलं. मग वर पाहून मलेच विचारलं, "आज का उशीर?"

मी म्हटलं, "मॅडम... रुमाल."

त्यांनी माझ्या नावापुढं तिसरा लेट मार्क लावला. रिमार्कच्या खान्यात लिहिलं, 'रुमाल'. मग खालच्या ओळीत, स्वतःच्या नावापुढं लेट मार्क लावला अन् लिहिलं, 'वरीलप्रमाणे'.

चाल, चहाचे पैसे काढ आता. मी अजून सहा महिने प्रोबेशनवर आहो.