बंद पाटीखाली चालू चक्की

धंदा सुरू करणं अवघड आणि बंद करणं सोपं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमचे चक्कीवाले काका पाहिलेले नाहीत. मोठमोठी संस्थानं एका सहीसरशी खालसा झाली, पण नागपुरातल्या महाल भागात आमच्या गल्लीतली ही एका खोलीची पिठाची चक्की बंद व्हायला दीड वर्ष लागलं, आणि ती नक्की कोणत्या दिवशी बंद झाली हे मला आजही सांगता येत नाही. मी भूगोलाचा मास्तर. कुठली नदी कुठं उगम पावते आणि कुठं समुद्राला मिळते हे मुलांकडून पाठ करून घेण्यात माझा जन्म गेला. समोरच्या घरातले काका मात्र राहणार आहेत की जाणार आहेत, चक्की चालू आहे की बंद आहे, हे काही त्या दीड वर्षात मला कळलं नाही. त्यातल्या त्यात समाधान एवढंच की ते काकांनाही कळलेलं नव्हतं.

काका डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. टोपी पांढरी, भुवया पांढऱ्या, कानांवरचे केस पांढरे, पापण्यासुद्धा पांढऱ्या. पहाटे चारला त्यांची अंघोळ व्हायची आणि सहाच्या आत ते पुन्हा पिठात माखलेले असायचे. नागपंचमीला दळण बंद असतं, तर त्या दिवशी ते चक्कीत शिरून पट्ट्याला तेलपाणी करत बसायचे आणि पांढरे होऊनच बाहेर यायचे. त्यामुळे त्यांचं वय कोणी पासष्ट धरायचं, कोणी ऐंशी. आवाजाचं म्हणाल तर तीस वर्षं मशीनच्या धडधडाटावर बोलून बोलून त्यांचा आवाज असा झाला होता की मशीन बंद असतानाही तो खाली यायचा नाही. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन कोणाच्या तरी मुलीला स्थळ आल्याची बातमी कानात सांगितली. "कोणाले सांगू नका मास्तर," असंही वर बजावलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या चार बायका त्या मुलीच्या आईचं अभिनंदन करून आल्या होत्या, आणि त्या चौघींना मी काही सांगितलेलं नव्हतं.

दळण कसं हवं हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. डब्यावर नाव नाही, चिठ्ठी नाही. नुसता डबा पाहून ते ओळखायचे. शेजारच्या वकिलांच्या वडिलांचे दात गेले की त्यांच्या घरचं पीठ आपोआप बारीक व्हायचं. कोणाच्या घरी बाळंतीण आली की त्या घरच्या गव्हाच्या आधी ज्वारी दळली जायची नाही, पिठात मिसळू नये म्हणून. नवीन नवीन असताना मी एकदा शहाणपणानं म्हटलं, "काका, जरा बारीक दळा." त्यांनी खटका पाडून मशीन बंद केलं. पट्टा थांबेपर्यंत माझ्याकडे पाहत राहिले.

"घरी इचारून आले काय?"

"नाही."

"मंग? तुमच्या घरी दर आयतवारी पानगे भाजते. त्याले जाडंच लागते. जा, चहा पिऊन या."

घरी येऊन विचारलं तर बायको म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं. तुम्हाला कोणी सांगितलं होतं तोंड घालायला?" तेव्हापासून मी चक्कीत फक्त डबा ठेवायचा आणि डबा उचलायचा असा नियम केला.

तर अशा काकांचा एकुलता एक मुलगा इंजिनीअर होऊन कॅनडात गेला, तिथं स्थिरावला, त्याला मुलगी झाली आणि त्यानं आईवडिलांना लिहिलं की आता चक्की पुरे, कायमचे इकडे या. काकूंनी ते पत्र एकदा वाचलं आणि त्या कॅनडाला गेल्याच. म्हणजे शरीरानं महालातच होत्या, पण ऐन मे महिन्यात, नागपूरचा रस्ता चपलेखाली वितळत असताना, त्या पायांत लोकरीचे मोजे घालून भाजी आणायला निघायच्या. "सवय नको करायला? तिथं गेल्यावर शिकू काय?" असं त्या म्हणायच्या. ट्रंक भरून, कुलूप लावून, किल्ली मंगळसूत्राला अडकवून झाली होती. नातीचा फोटो पाहून पाहून त्याची एक कड झिजली होती. काका मात्र दिवसातून दोनदा माझ्याकडे नकाशा पाहायला यायचे.

"इथं सकाळचे सात वाजते तवा तिथं काय वाजते?"

मी आकडेमोड करून सांगायचो की तिथं आदल्या दिवशीची रात्र असते.

"आदल्या दिवशीची?" ते दचकायचे. "म्हंजे मी तिथं गेलो तं आजचा दिवस पुन्हा येईन काय?"

मी पृथ्वीचं परिवलन समजावून सांगायचो. लिंबू आणून फिरवून दाखवायचो. ते लिंबाकडे लक्ष देऊन पाहायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "मंग चक्की उघडाची कवा?" चक्की इथंच राहणार आहे आणि ते तिथं असणार आहेत, ही गोष्ट त्या लिंबावर कुठं दाखवायची ते मला समजत नसे. एकदा मुलाचा फोटो आला. डोक्यावर, खांद्यांवर, भुवयांवर बर्फ पडलेला. काकांचा चेहरा एकदम उजळला. "अगं, हा तं चक्कीतच उभा हाय!" ते काकूंना ओरडून म्हणाले. काकूंनी ती संधी साधून त्यांच्याकडून चक्की बंद करायचं वचन घेतलं.

माझं अक्षर चांगलं म्हणून पाटी मी लिहिली. पहिला मजकूर होता 'चक्की कायमची बंद'. काका पाटी वाचून म्हणाले, "कायमची काहून लिहिलं? कोणी गेल्यासारखं वाटते." ते पुसलं. मग 'चक्की बंद आहे' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, एखाद्याची अडचण असली तर त्यानं काय करावं? शेवटी जी पाटी दारावर टांगली ती अशी होती: 'चक्की बंद आहे. दळण असल्यास हाक मारावी.' त्या दिवसापासून चक्कीवर पूर्वीपेक्षा जास्त गर्दी व्हायला लागली. बंद होणार म्हणून लोक दोन-दोन महिन्यांचे गहू आणायला लागले. कामठीहून एक बाई लग्नाचं दळण घेऊन आली, आणि काकांनी पाटीखाली उभं राहून ते दळून दिलं. "चक्की बंदच हाय बाई, हे आपलं मधातलं काम," असं त्यांनी तिला सांगितलं. ती बिचारी पाटीकडे, मशीनकडे आणि काकांकडे आळीपाळीनं पाहत राहिली.

काका कधी जाणार असं विचारलं तर प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळायचं. मला त्यांनी दिवाळीनंतर सांगितलं, वकिलांना दिवाळीआधी, आणि शिंपीदादांना सांगितलं की जाणं रद्द झालं. असं करता करता गल्लीत तीन निरोपसमारंभ झाले. पहिल्याला शाल, नारळ, भाषणं सगळं झालं. काकांनी डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी सहा वाजता पट्टा फिरायला लागला. दुसऱ्या समारंभात बायकांनी काकूंची ओटी भरली. तिसऱ्याच्या वेळी मंडळींनी नवी शाल आणली नाही; पहिलीच शाल काकूंकडून मागून आणली आणि तीच पुन्हा पांघरली. "ही कुठंतरी पाहिल्यासारखी वाटते," असं काका म्हणाले तेव्हा अध्यक्षांना भाषण पुढं नेता येईना.

आम्ही त्यांना खूप हसलो. एका दुपारी मात्र माझं हसू थांबलं. वीज गेली होती, मशीन बंद होतं, मी डबा घेऊन बसलो होतो. काका पोत्यावर बसले होते. त्यांच्या मानानं हळू, म्हणजे फक्त अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मास्तर, इथं मी बर्डीवर जावो, इतवारीत जावो, कोणीतरी म्हणतेच, चक्कीवाले काका कुठं निघाले? तिथं मी रस्त्यानं जाईन तं कोण वळून पाहीन? मले कोण म्हणून वळखीन?"

"मुलगा आहे, सून आहे, नात आहे," मी म्हटलं.

"ते घरातले झाले. रस्त्यातल्याचं इचारून राहिलो."

मी म्हटलं, वीज येईलच आता. ती आली आणि बोलणं पुन्हा मशीनच्या आवाजात गेलं. पण एवढे दिवस हा माणूस कशाशी झगडतो आहे ते मला तेव्हा कळलं आणि मला फार वाईट वाटलं.

शेवटी मशीन जवळच्या मौदा गावातल्या एका माणसाला विकलं. तो ट्रक घेऊन यायच्या आदल्या दिवशी काका छिन्नी-हातोडी घेऊन चक्कीच्या दगडाला टाकी लावत बसले होते. टाकी लावायची म्हणजे गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खरबरीत करायचा, पुढच्या दळणासाठी. "काका, आता तुम्हाला कुठं दळायचंय?" मी विचारलं. "मले नाई, पण मौद्याच्या लोकाईनं कच काहून खावी?" ते म्हणाले आणि घरचे पायलीभर गहू त्या दगडावर फुकट घालवून त्यांनी दगडाची कच काढली. मग मशीन गेलं. खोलीत चार पांढऱ्या भिंती उरल्या. आम्हाला वाटलं, झालं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी लोक सवयीनं डबे घेऊन आले आणि काकांनी ते सवयीनं ठेवून घेतले! मग सायकलला डबे बांधून ते पलीकडच्या गल्लीतल्या चक्कीवर गेले. त्या चक्कीवाल्याशी ते वीस वर्षं बोलले नव्हते. तिथं त्याच्या डोक्यावर उभं राहून, "हे जाड, ते बारीक, ह्याच्यात ज्वारी मिसळू देऊ नको गा," असं ओरडत त्यांनी सगळं दळून घेतलं आणि घरोघरी पोचवलं. हे तीन आठवडे चाललं. तो चक्कीवाला मला म्हणाला, "मास्तर, चक्की कोणाची हाय तेच मले समजून नाई राहिलं." काका तिथूनही पांढरे होऊनच परतायचे.

तिकिटं आली तेव्हा काकूंनी आवाज न चढवता सांगितलं, "मी तं आयतवारी जाऊन राहिली. नातीले दात आले, ती चालाले लागली, अजून म्या तिले हातात नाई घेतलं. तुमी या मागून, गल्लीचं दळण झालं म्हंजे." आणि त्यांनी ट्रंकेतून काकांचे कपडे काढून खाटेवर ठेवले. काका दिवसभर त्या कपड्यांकडे पाहत बसले. संध्याकाळी त्यांनीच ते परत भरले.

रविवारी आम्ही पंधरा-वीस जण हार घेऊन स्टेशनवर गेलो. कोणत्या डब्यात जागा आहे हे त्यांनी प्रत्येकाला वेगळं सांगितलं होतं, त्यामुळे फलाटावर आमची पांगापांग झाली. मुंबईची गाडी उभी होती. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरलो. पांढरी टोपी, पांढऱ्या भुवया कुठं दिसेनात. वेळ जवळ आली तसा मी घाबरलो. एका खांबाजवळ तपकिरी कोटातला एक सावळा गृहस्थ उभा होता. काळेभोर केस, नीट भांग पाडलेला, पन्नाशीच्या आसपासचा. मी त्यालाच विचारलं, "साहेब, इथं एक म्हातारं जोडपं पाहिलंत का? परदेशी निघालेलं?"

त्यानं अंगावरचा कोट नीट केला. मग म्हणाला, "मीच आहो ना, मास्तर."

इतक्या हळू आवाजात काकांना बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या समोरून दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा त्यांनी हात वर केला होता, म्हणे. बारा वर्षं ज्यांच्या हातचं पीठ खाल्लं त्यांचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो, आणि मला इतकी लाज वाटली की हातातला हार घालायचं सुचेना.

"गर्दी फार आहे हो काका," मी म्हटलं.

"हाव, गर्दी तं हाय," ते म्हणाले. फलाट तिथं जवळजवळ रिकामा होता.

मग बाकीचे धावत आले. त्यांनाही आधी पटेना. कोणीतरी म्हणालं, "काका, तुमी तं नवरदेव दिसून राहिले!" सगळे हसले, काकाही हसले. आतून मोज्यांसकट तयार बसलेल्या काकूंनी हाक मारली आणि ते चढले. गाडी सुटली. डब्याच्या खिडक्यांतून पुष्कळ हात बाहेर आले, पुष्कळ तोंडं दिसली, त्यांत तपकिरी कोटही दोन-तीन होते. मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिलो. पण खरं सांगतो, त्यातले काका कोणते, हे मला शेवटपर्यंत नक्की कळलं नाही.